वाकडी पाकळी

प्रिय छोट्या,

सहा वर्षांत तुला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. आधी बातमीच सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. बाबा गेले. गेल्या गुरुवारी, सकाळी. तुझा पत्ता आत्याकडे होता, पण तुला कळवू नकोस असं तिला मीच सांगितलं होतं.

आज त्यांची खोली आवरायला घेतली. तुझं मेणाचे नमुने छापणारं यंत्र कोपऱ्यात चादरीखाली आहे. तू ते आणलंस तेव्हा बाबा म्हणाले होते, "हे मेण छापणार, भट्टी सोनं ओतणार, मग आम्ही सोनारांनी काय माशा मारायच्या?" आणि तरी तासभर कॉम्प्युटरच्या पडद्यासमोरून हलले नव्हते. अंगठी गोल गोल फिरताना बघून आतून हरखले होते, कबूल मात्र करेनात.

त्यांचे हात थरथरायला लागल्यावर त्यांनी आईसाठी घडवलेली कर्णफुलं आपणहून तुझ्या हातात दिली. म्हणाले, "माझ्यानं आता असली होणार नाहीत. तुझ्या कॉम्प्युटरात राहू देत." तीन आठवडे खपून तू एकेक पाकळी पडद्यावर उतरवलीस. खालची जरा डावीकडे वाकलेली होती, ती सरळ करू का विचारलंस तर केवढ्यांदा ओरडले! आईनं ती तशीच ठेवायला लावली होती म्हणे.

मीही ते काम शिकत होते, तुला माहीत नव्हतं. तू जेवायला उठलास की तुझ्या खुर्चीत बसायचे. मला बाबांनी घडणीच्या मेजाशी कधी बसू दिलं नाही. "पोरीनं कशाला डोळे फोडून घ्यायचे?" म्हणायचे. घडवणारे तुम्ही दोघं, पॉलिशला मी.

मग तो दिवस. बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या काचेत बाबांना तीच कर्णफुलं दिसली, ओळीनं चाळीस जोड, प्रत्येकाची खालची पाकळी डावीकडे वाकलेली. घरी येऊन ते तुला एवढंच म्हणाले, "सोनं चोरलं असतंस तरी चाललं असतं रे." तू शपथा घेतल्यास. पण फाइल तर तुझ्याच कॉम्प्युटरात होती. मी दारात उभी होते, पॉलिशनं काळ्या झालेल्या हातांनी. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "ताई, तू तरी सांग ना यांना!" आणि मी हात धुवायला आत गेले. बाहेर आले तोवर तू बॅग भरायला घेतली होतीस.

ती फाइल मी नेली होती, छोट्या. दागिन्यांच्या एका कारखान्यातल्या बाईंनी मला नोकरीसाठी माझ्या कामाचा नमुना मागितला. दाखवण्यासारखं माझं काहीच नव्हतं. तुझी फाइल पुढे केली आणि मी म्हणाले, हे माझं. ते लोक त्यावरून दागिने घडवून विकायला काढतील असं वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. नोकरी मिळाली. आज माझ्या हाताखाली बारा जण डिझाइनं करतात. बाबांना वाटायचं, मी तिथे पत्रं टाइप करते.

जायच्या आधी, सोमवारी दुपारी बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "छोट्याला कळव. म्हणावं, मी माफ केलं. मोह झाला असेल, पोरच ते. तू तेवढी सरळ निघालीस." त्यानंतर दोन दिवस ते शुद्धीवर होते. मी चमच्यानं पाणी पाजत होते, उशी बदलत होते, घरात आम्ही दोघंच. तोंड उघडायला दोन दिवस कमी नसतात. तू आला असतास तर पुन्हा तेच म्हणाला असतास, मी केलं नाही, आणि मरणाच्या दारात त्यांनी कदाचित ऐकलंही असतं. म्हणून तुला येऊ दिलं नाही. त्यांचा निरोप होता तो पोचवला. पण ती माफी तुला लागत नव्हती, आणि मला त्यांनी ती दिलेली नाही.

तुझीच म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही, तरी तुझीच,
ताई