उलटी टांगलेली कोरफड

३ जून १९५३
ट्रेनिंगचं पत्र आलं. सुनेला, कुसुमला, औरंगाबादला जागा मिळाली. १ जुलैला हजर व्हायचं. वसतिगृहात मूल चालत नाही. म्हणजे छबीचं दूध या महिन्यात तोडायला हवं. दीड वर्षाची झाली. कु. म्हणाली, "आत्याबाई, अजून थोडे दिस." म्हटलं, माझा बाळू गेला तेव्हा थोडे दिवस रड म्हणाले होते, ते अजून संपले नाहीत. नवरा नाही, हातात नोकरी हवी.
खिडकीतल्या कोरफडीला पाणी घातलं. आता पुढचं १९ ला.

८ जून
कोपऱ्यात पाठ करून पाजत होती. दुसऱ्यांदा सापडली.
कोरफडीचं खालचं पान कापून वाटीत पिवळा चीक धरला. आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला. गूळ खाऊनही दुपारपर्यंत तोंड कडू. कु. ला म्हटलं, छातीला लाव. नाही म्हणाली. हात धरून मीच लावला.
छ. ने तोंड लावलं, काढलं, आईकडे पाहिलं. पुन्हा लावलं. असं चार वेळा. छ. रडली नाही. कु. रडली.

९ जून
न्हाणीत धुऊन पाजलं. आता दर वेळी माझ्यासमोर लावायचं. वाटी माझ्या कपाटात.

१५ जून
छ. ला जुलाब. शेजारच्या गंगाबाई मारवाडीण पेज घेऊन आल्या. "मास्तरीणबाई, चीक पोटात गेला ना. बच्ची आहे ती, तुमच्या शाळेतली पोरगी न्हाई." दोन दिवस चीक बंद. कु. चे दोन दिवस सणाचे.

१९ जून
पाण्याचा दिवस. कोरफडीला हात लावला तर पान हातात आलं. बुंधा मऊ, वास मारतो. माती चार बोटं खोल ओली. मी सोळा दिवसांत थेंब घातलेला नाही. घरात तिसरं मोठं माणूस नाही.
कु. ला विचारलं. "ऊन लई हाय. तहान लागली आसंल तिला."
"चौदा वर्षं वाढवली मी. तिला काय लागतं मला ठाऊक आहे."
"मला बी माझीचं ठाऊक हाय."
लग्न होऊन आली त्या आठवड्यात मीच सांगितलं होतं, कोरफड उन्हानं मरत नाही, पाण्यानं मरते. लक्षात ठेवलं पोरीनं. रोज तांब्याभर घातलं असणार. चीक नाही तर तोडणं नाही.

२० जून
एक पिल्लू शाबूत निघालं. पाच पानं. मुळं सुकवली, सुतळी बांधली, दाराच्या चौकटीला उलटं टांगलं. हवेवर जगतं. कु. चा हात पोचत नाही.
गंगाबाई खूश. "बाईसाब, आता माणसात आल्या तुम्ही. दृष्टीला बराबर केलं." दृष्ट मी मानत नाही. सांगायच्या भानगडीत पडले नाही.
अर्ध्या पानात दिवस भागतो.

२६ जून
दूध तुटलं. तीन दिवस मागितलं नाही. आज कु. उचलायला वाकली तर छ. तिच्या पदराकडे बोट करून म्हणाली, "कडू." नवा शब्द.

३० जून
कु. सकाळच्या गाडीनं गेली. दूध दाटलेलं, छातीला फडकं घट्ट बांधून. स्टेशनवर छ. माझ्या कडेवर. "येते गं छबे." छ. नं तोंड फिरवलं. कु. नं माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी वेळेवर.

११ ऑगस्ट
कु. चं पत्र. अभ्यास बरा. खाली: छबी माझं नाव काढती का?
उत्तर लिहिलं: प्रकृती उत्तम, दात दोन नवे.

२ सप्टेंबर
छ. मला आई म्हणाली. दिवसभरात तीनदा. शाळेत बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. ही नाही केली.

४ नोव्हेंबर
कु. दिवाळीला आली. वाळली आहे. वर्गात पहिली. छ. माझ्या पदरामागे गेली. "कडू आली."
कु. हसली. मग न्हाणीत गेली, बराच वेळ पाण्याचा आवाज.

७ नोव्हेंबर
छ. जात नाही तिच्याकडे. फराळाचं हातातून घेते आणि पळते. कु. म्हणाली, "न्हाई जात मी परत." म्हटलं, पहिली येऊन सोडणार? "पहिली येऊन काय करू, आत्याबाई? ती मला नावानं बी बोलवत न्हाई." म्हटलं, बोलवते की, कडू म्हणून. बोलायला नको होतं. बोलले.

१० नोव्हेंबर
सकाळी स्टुलावर चढून कु. नं कोरफड उतरवली. दोन पानं उरलेली, सुरकुतलेली, पण मधून हिरवं टोक. जुन्या कुंडीत लावली. म्हटलं, लगेच पाणी नको, मुळं धरू दे.
"किती दिस?"
"दहा-पंधरा."
"आन तवर तिला कसं कळायचं, पानी हाय म्हणून?"


१२ नोव्हेंबर
उद्या सकाळची गाडी. ट्रंक भरलेली नाही. रिकामीही केलेली नाही.
दुपारी कु. बोटाला मध लावून ओसरीवर बसली, हात पुढे करून. छ. माझ्या मांडीवर. बोटाकडे बघत होती, मग माझ्या तोंडाकडे. पाय खाली सोडला. मी उठून आत गेले असते तर कु. कडे गेली असती.
मध बोटावरून ओघळून मनगटापर्यंत आला. कु. नं पुसला नाही.
मी बसून राहिले.