बारावी नसलेली पदवी

३ एप्रिल, गुरुवार
चौथ्या तासाला मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर संस्थेचं पत्र. सहावी ते आठवीला शिकवायचं तर पदवी, बी.एड. आणि टीईटी पेपर दोन, तिन्ही पाहिजेत. नसतील त्याला जूनपासून वर्ग न्हाई. पत्रात ‘अहर्ता’ लिहिलं होतं. पेन काढून ‘अर्हता’ केलं.
मु.अ. म्हणाले, "खरात सर, पत्र दुरुस्त करू नका. स्वतःचं काही दुरुस्त होतंय का बघा."
अठरा वर्षं तीर्थपुरीत गणित शिकवून राह्यलो. बी.ए. आहे. बी.एड. करायचं राहिलं, टीईटी त्याच्यामागून. दोन वर्षांचा तर प्रश्न.

८ एप्रिल, मंगळवार
रजा टाकून जालन्याला गेल्तो. बी.एड. कॉलेज. खिडकीतल्या कारकुनानं कागद चाळले.
"दहावी आहे. बी.ए. आहे. बारावी?"
सांगितलं, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. केलं. ६१.५ टक्के.
"टक्के बराबर हायेत काका. पण दहा अधिक दोन अधिक तीन लागतेत. तुमचे दोन कुठंयत?"
त्या दोन वर्षांत मी बापाच्या मेंढरांमागं होतो. पिशवीत भाकर आणि बीजगणित. तेही सांगितलं.
"ते फॉर्ममधी कुठल्या रकान्यात लिहू?"
शाळेत मला कोणी काका म्हणत न्हाई.

१९ एप्रिल, शनिवार
दुसरं कॉलेज, अंबडला. तिथं बाई होत्या, नीट बोलल्या. मी म्हणालो, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देतो. गणिताला मला कोण अडवतंय.
"द्या की. पण बारावी पदवीच्या आधीची पाहिजे, सर. आता दिली तर पदवी परत पहिल्यापासून करावी लागंल."
एसटीत हिशोब केला. बारावी १, पदवी ३, बी.एड. २. एकूण ६. मी ४६.
कॉलेजबाहेर चहाच्या गाड्यावर एकानं गाठलं. परराज्यातल्या बोर्डाची बारावी मिळंल, पाहिजे त्या सालची. काका, टेन्शन घेऊ नका. त्याला झापलं. नंबर मात्र लिहून घेतला.

२० एप्रिल, रविवार
तो नंबर खोडला. तीन रेघा मारल्या. तरी आकडे दिसतात, ब्लेडनं खरवडला.

२ मे, शुक्रवार
सौ.ला आज सगळं सांगितलं. ती अंगणवाडीत मदतनीस, तिला कागदांचं कळतं.
म्हणाली, "बारावीवरून उडी मारली, उडी मारली म्हणून साऱ्या गावाला सांगत फिरलात. तेव्हाच म्हणलं होतं, खाली बघा."
तसं ती म्हणली नव्हती. पण मी गावाला सांगत होतो, हे खरं. गणिताच्या पुस्तकातली चूक छापणाऱ्यांना कळवली होती, तेही सांगत होतो. आठवीच्या पोरांना काय येत न्हाई हे मला एका उत्तरावरून कळतं. हे कोणत्या परीक्षेत...

१७ जून, मंगळवार
शाळा सुरू. मला अजून सातवी दिली आहे, ‘तात्पुरती’.
मु.अ.नी दार लोटून सांगितलं. जाहिरात दिली. २७ ला मुलाखत आणि सातवीवर नमुना पाठ. पात्र माणूस मिळाला न्हाई तर संस्था मला आणखी एक वर्ष ठेवणार, तसं तोंडी ठरलंय.
"आणि येतंय कोण इथं? मागच्या दोन जाहिरातींना चिटपाखरू आलं न्हाई. मानधन ऐकूनच पळतेत."
घरी येऊन देवापुढं बसलो. मी कधी काही मागत न्हाई. आज मागितलं, की कोणी येऊ नये.

२२ जून, रविवार
अर्चना आल्ती. माझी जुनी विद्यार्थिनी, सातवी-आठवी माझ्याच हाताखाली. वडीगोद्रीला दिलेली. बी.एस्सी., बी.एड., टीईटी दोन्ही पेपर पास. पायरी एकही न गाळता.
पाया पडली. चहा अर्धा केला. मग: "सर, तुमच्या जागेची जाहिरात आहे, हे मला काल कळलं. फॉर्म आधीच भरला होता. तुम्ही म्हणाल तर काढून घेते."
सौ. आतून माझ्याकडं बघत होती.
मी म्हणालो, "जागा माझी कुठंय, बाई. सातवीची आहे."
हे वाक्य बोलताना बरं वाटलं. ती गेल्यावर न्हाई वाटलं.

२५ जून, बुधवार
अर्चना पाठ दाखवायला आली. टाचण सुरेख, अक्षर बराबर. विषय सरासरी. शेवटचं उदाहरण: मोटार जालन्याहून मंठ्याला ताशी ४० नं गेली, त्याच रस्त्यानं ताशी ६० नं परत आली. सरासरी वेग? तिचं उत्तर ५०.
५० न्हाई. अंतर साठ धरा. जायला दीड तास, यायला एक. एकशेवीस भागिले अडीच, ४८. हळू गेलेला वेळ जास्त असतो, तो विसरता येत न्हाई.
मुलाखतीच्या समितीत गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. पहिल्या झटक्याला पकडतील.
तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "हे उदाहरण तुमचंच आहे सर. सातवीतली वही अजून ठेवलीय." वही दाखवली. माझं उदाहरण. माझी लाल बरोबरची खूण. उत्तर ५०.
ती माझी तिसऱ्या वर्षाची बॅच. चूक मला दोन वर्षांनी कळाली, आपली आपणच. पुढच्या बॅचला ४८ शिकवलं. मागच्यांना कोणाला बोलावून सांगितलं न्हाई. कोण सांगतं.
मी म्हणालो, "छान आहे."

२६ जून, गुरुवार
सातवीवर तीन तास. एकदाही पोरांकडं तोंड करून उभं राहवलं न्हाई.
उमेदवार एकच आला आहे, असं मु.अ. म्हणाले. "पोरगी तुमचीच न्हाई का? बघू, प्राध्यापक लई खट आहेत." त्यांच्या मनात मी राहावं, असं आहे.
काहीच करायचं न्हाई, एवढंच करायचं. खोटं बोलायचं न्हाई, कागद विकत घ्यायचा न्हाई. नुसतं गप्प बसायचं. त्या चहाच्या गाड्यावरच्या बारावीपेक्षा हे स्वस्त.
जेवलो न्हाई. सौ. म्हणाली, "तब्येत बरी न्हाई का?" पोट म्हणून सांगितलं.

२७ जून, शुक्रवार, सकाळ
सव्वानवाच्या एसटीनं ती उतरली. मी स्टँडवर होतो. आधी म्हणाली, "सर, तुम्ही कशाला त्रास घेतला."
उभ्या उभ्या पावतीच्या मागं करून दाखवलं. १२० भागिले २.५. तिनं पावती हातात घेतली.
"पण तुम्ही तर बरोबरची खूण केली होती."
"चुकीची केली होती."
"कधी कळलं?"
"तू नववीत गेल्यावर."
पदर नीट केला. मग म्हणाली, "परवा का न्हाई बोललात?"
याचं उत्तर तिला माहीत होतं. तरी मी दिलं. जागेसाठी, म्हणालो.
ती पुढं चालायला लागली. पाठीमागं मी. गेटापर्यंत दोघं तसेच.

त्याच दिवशी, तिसरा तास
सातवी तिकडं नमुना पाठाला, म्हणून मी सहावीवर. मधे पत्र्याचं पार्टिशन. पोरांना गणितं देऊन हे लिहितोय.
तिचा आवाज येतो. घाईत न्हाई. जालना, मंठा, चाळीस, साठ. सातवी एका सुरात म्हणाली, पन्नास. ती म्हणाली, "मीही पंधरा वर्षं पन्नासच समजत होते. मला तसंच शिकवलं होतं. आज सकाळी स्टँडवर कळलं." पोरं हसली. प्राध्यापक खोकले. कोणी शिकवलं, ते तिनं सांगितलं न्हाई. अजून तरी.
आता खडू वाजतोय. वेळेचा हिशोब पोरं मांडताहेत, जायला किती, यायला किती.
सहावीतली एक मुलगी माझ्याकडं वही घेऊन आली आहे. "सर, हे बरोबर हाय का?"