जिनिंगमधल्या बाईचा दुसरा भाग

मी, देवराव डोमाजी मेहरे, वय एकाहत्तर, धंदा लग्नाचे व्हिडिओ आणि दोन सिनेमे, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मन शाबूत आहे असे लिहिणार नाही.

१. राहते घर मुलगा चंदन यास.

२. कॅमेरे, दिवे व एडिटिंगचा संगणक गीतांजली श्याम उमाळे हीस. ती कोण, हे सांगणे भाग आहे. २००८ साली अकोल्याजवळच्या बंद जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी भुताचा सिनेमा काढला. भूत झाली होती गीतांजलीची आई शकुन. ती चांदूर रेल्वेला स्टेशनबाहेर गजरे विकायची. शेवटच्या दिवशी लोखंडी जिन्यावरून ती म्हणाली, "भाऊ, हा जिना हालून राह्यला. मले भेव लागते."

मी म्हणालो, "अजून एकदाच. उजेड जाऊन राह्यला."

जिना तुटला. शकुन जागीच गेली.

मी आणि भागीदार ओमप्रकाशने पोलिसांना जबाब दिला, की शूटिंग संपल्यावर ती आपल्या मनाने वर चढली. कोणासोबत चढली असेल, असे लोक बोलू लागले. तिचा नवरा श्याम ऐकून घेत राहिला. मी एका शब्दाने ते खोडून काढले नाही. सिनेमा तरीही लावला. तो आठवडाभरही चालला नाही.

३. दुसऱ्या भागाचे सर्व हक्क गीतांजलीचे. गोष्ट तिनेच लिहिली. तीन वर्षांपूर्वी ती कागद घेऊन आली. मेलेली नटी परत येते आणि दिग्दर्शकाचा सूड घेते. मी विचारले, "हे तुले कोनं सांगतलं?"

"कोनीच नाही सांगतलं. म्हनून तं लिहिलं."

भूत ती झाली, दिग्दर्शक मी. उसन्या सामानावर अकरा दिवसांत काम उरकले. शेवटच्या प्रसंगात मला नुसते किंचाळायचे होते. पण आईचे पातळ नेसून तिने विचारले, "मी काय म्हनलं होतं तुमाले?" आणि मी शकुनचे शब्द जसेच्या तसे बोलून गेलो. ते दृश्य तिने तसेच ठेवले.

चार दिवसांत उतरेल असे थिएटरवाला म्हणत होता. अकोल्यात नऊ आठवडे चालला. शेवटाला कोणी शिट्टी मारत नसे. माझ्या अभिनयाची तारीफ झाली, अमरावतीत सत्कारही. तिथे मिळालेली शाल माझ्या देहावर घालू नये.

४. ओमप्रकाशला काही नाही. सिनेमा पाहून तो म्हणाला, "लोकं अ‍ॅक्टिंग समजून राह्यले. समजू दे." त्याने माझ्या मयतीला येऊ नये.

५. हे सारे गीतांजलीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर सांगसान काय? माहा बाप जिता हाय."

म्हणून खरा जबाब वेगळा लिहून सही केली आहे. काल चांदूरला जाऊन श्यामला सांगितले. तो म्हणाला, "पडल्यावर ते काई बोलली काय?"

मी म्हणालो, नाही. हे खरे आहे.

सोमवारी श्याम आणि मी तो जबाब घेऊन अकोल्याच्या पोलीस ठाण्यात जाणार आहोत.

सही: देवराव डोमाजी मेहरे

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. बापूसाहेब देशकर, वकील
२. माणिकबाई चिंचे, शेजारी

अमरावती, १४ नोव्हेंबर २०२५