गच्चीवरची काळी माती

माय, आज सकाळपासून चारदा खुर्चीतून उठले. इथं अकोल्यात तीन दिवस झड लागली आहे, आणि झड लागली की माझा जीव एका घराच्या गच्चीवर जाऊन बसतो. त्या घराला काही झालेलं नाही. मघाशी फोन करून विचारलंसुद्धा. गुरुजी म्हणाले, "काई नाई मॅडम, अंदर कोरडं ठक्क आहे." तरी पाय ठरत नाहीत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस ना वं एका जागी, भिंगरीवानी काहून फिरून राहिली?" म्हणून बसले आणि तुला लिहायला घेतलं. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली. त्यातलं बरंच काही सांगण्यासारखं आहे, पण मला आज एकच गोष्ट सांगायची आहे.

तू गेलीस तेव्हा माझा डिप्लोमा नुकताच संपला होता. आता माझं इथं छोटं ऑफिस आहे, लोकांच्या घरांचे नकाशे काढते, बांधकामं बघते. अडीच वर्षांपूर्वी, थंडी सरता सरता एक निवृत्त मास्तर आले. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांच्या बायकोला लकवा झालेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. घर एकमजली, त्यामुळे काकूंची खाट थेट स्लॅबखाली. आपला उन्हाळा तुला माहीत आहे. दुपारी तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत आग ओतत राहतो. कूलर लावावा तर पाणी आठवड्यातून एकदा येतं. गुरुजी म्हणाले, "मॅडम, तिले उठून बाहेर जाता येत नाई. मी जातो झाडाखाली बसाले, ती कुठं जाईन? गच्चीवर माती टाकून गवत लावतात म्हणे. खरं आहे काय?" मी म्हटलं, खरं आहे. हे सांगताना मला आपलं अमरावतीचं घर आठवत होतं. वर टिनाचे पत्रे, आणि त्या पत्र्यांवर तू सुतळी बांधून चढवलेला दोडक्याचा वेल. अर्ध्या छतावर पानंच पानं. वेलाखालच्या त्या कोपऱ्यातच तू चूल मांडली होतीस. पलीकडे पत्रा तडतडायचा आणि तुझ्या चुलीपाशी, जाळ असूनही, बसवत असे. शेजारणी भाजी निवडायला तिथंच येऊन बसत. मला वाटायचं तू दोडक्यासाठी वेल लावतेस. तू पानांसाठी लावत होतीस, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं.

गुरुजींचं काम मी मनापासून केलं, हे आधी सांगते. स्लॅब तपासला, किती भार सोसेल याचा हिशेब केला. आधी पाणी अडवणारा थर, त्यावर निचऱ्यासाठी खडी, त्यावर कापड, आणि वर चार इंच हलकी माती. नारळाचा भुसा, शेणखत, थोडी वाळू. सगळं ओलं झाल्यावर किती वजन होईल तेही धरलं होतं. पण माती टाकायच्या दिवशी मी पोहोचले तर दारात ट्रॉली उभी. गुरुजींनी मूर्तिजापूरकडच्या आपल्या पूर्वीच्या शेतातली काळी माती आणवली होती. "तिचीच इच्छा होती," ते म्हणाले, "लग्न होऊन आली तवापासून त्या वावरात राबली. आता वावर नाई, तर वावरची माती तरी डोक्यावर राहू द्या म्हणते." आत खाटेवरून काकू डाव्या हातानं मला खुणावत होत्या, तोंडभर हसत. माणसं घमेली वर नेत होती, आणि मी सांगितलेले चार इंच केव्हाच सहा झाले होते. मला नांदगाव पेठेला जायचं होतं, एका कापड कारखान्याच्या शेडचं काम अडलं होतं, गाडी दारात उभी होती. काळी माती पाणी पिऊन फुगते, जड होते, निचरा कोंडते. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला कळतं, मला तर पदविकेचा कागद मिळालेला. गुरुजींनी विचारलं, "चालते ना मॅडम?" मी काकूंकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "चालते."

माय, हा शब्द तुझ्यासमोर मी एकदाच उच्चारला होता. मी दहा वर्षांची असेन. तू परतवाड्याच्या रस्त्यावर एका बंगल्याच्या कामावर रेजा होतीस, घमेली वाहायचीस. सुट्टी म्हणून मी तुझ्यासोबत आले आहे. स्लॅब टाकायचा दिवस आहे. मिक्सर सुरू झाला आहे, बायांची रांग लागली आहे, आणि तू डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला उभी आहेस. स्लॅबला खालून टेका दिलेल्या एका बल्लीचं बूड ओल्या मातीत रुतलं आहे, तिच्याखाली फळी दे म्हणतेस. मुकादम हसतो. "चालते वं बाई, एका बल्लीनं काय होते?" संध्याकाळी तू मला रसवंतीवर नेणार होतीस. काम गेलं तर रस गेला, एवढंच मला कळत होतं, म्हणून मीही तुझा पदर ओढून म्हणाले, "चालते ना माय, जाय ना वर." तू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस ती अजून अंगावर येते. "चालते म्हणणारा वर जात नाई पोरी. वर आपून जातो." तू काम सोडून चालू लागलीस. मागून आणखी दोघी निघाल्या, तेव्हा मुकादमानं शिव्या देत फळी टाकली. त्या दिवशी स्लॅब व्यवस्थित टाकून झाला. फळी नसती तर कोसळला असता का, कोण जाणे. रस मात्र मिळाला नाही. घरी येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस.

पहिलं वर्ष सुंदर गेलं, तेही सांगायला हवं. गुरुजी आंघोळीचं, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीनं वर नेऊन घालत. भर उन्हाळ्यात मी गेले तर गुरुजींनी माझा हात धरून भिंतीला लावला. "पाहा, माठावानी." काकू दुपारी झोपू लागल्या होत्या. घामोळ्यांनी सोललेली पाठ भरून आली होती. कपाशीच्या वेळी रानात येतात तशी फुलपाखरं गच्चीवर येत. त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला, आलेला सगळा मातीनं पिऊन टाकला, शेजाऱ्यांच्या पन्हाळी गळत होत्या आणि यांची नुसती ठिबकत होती. गुरुजी गल्लीभर कौतुक सांगत फिरले. दोन घरांनी मला तसंच छत करून मागितलं. मी त्यांना हलकीच माती घातली. म्हणजे मला माहीत होतं, माय.

मग मागच्या वर्षीची झड आली. सहाव्या दिवशी दुपारी गुरुजींचा फोन. "मॅडम, वर ओल दिसते थोडी. सवडीनं या." मी सवड पाहिली नाही. गेले तर काकूंच्या खाटेच्या बरोब्बर वर ओलीचा मोठा डाग, आणि त्याच्या मधून भिंतीपर्यंत गेलेली चीर. मी ताणून दोरी धरली. स्लॅब मध्ये खाली वाकला होता. गच्चीवर निचऱ्याचं तोंड चिखलानं बुजलं होतं आणि गवत पाण्यात उभं होतं. काकू खाटेवरून त्या डागाकडेच बघत होत्या. सकाळपासून बघत असतील. "आधी काकूंना बाहेर काढा," मी ओरडले. शेजारचे चौघे धावले, खाटेसकट त्यांना पलीकडच्या घरी नेलं. तासाभरात बल्ल्या मागवल्या, स्लॅबला खालून टेके दिले. प्रत्येक बल्लीखाली फळी घातली की नाही, ते मी गुडघ्यावर बसून पाहिलं. मग माती उतरवायला घेतली. पावसात माणसं मिळेनात, दोन रेजा आल्या, तिसरी मी.

स्लॅब वाचला. पण त्या संध्याकाळी गुरुजी ओल्या कपड्यांत ओट्यावर बसले आणि म्हणाले, "माह्यीच चूक मॅडम. मीच हट्ट केला त्या मातीचा. तुमी भल्या म्हणून धावून आल्या." मी म्हटलं, "जाऊ द्या गुरुजी, वाचलं ना सगळं." आणि घरी आले. पुढे दोन महिने हीच गोष्ट गल्लीत फिरली, मास्तरानं हट्टानं काळी माती टाकली, मॅडमनं घर वाचवलं. लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देत. मला जेवण जाईना. साइटवर एखादा मिस्त्री सवयीनं "चालते" म्हणाला तर मी त्याच्या अंगावर धावून जात होते.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी गेले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "गुरुजी, ती माती चालत नव्हती. मला त्या दिवशीच माहीत होतं. घाई होती, आणि काकूंचा चेहरा पाहून तोंड उघडलं नाही. चूक माझी आहे." गुरुजी म्हणाले, "म्हंजे दोन महिने गल्लीच्या शिव्या मी फुकटच खाल्ल्या?" पण हसले नाहीत. चहाही विचारला नाही. आत जाऊन वही आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "कोणती माती, किती इंच, लिहून द्या. आन् ह्या बार तुमी पूर्ण होईस्तोवर इथंच उभ्या राहान." म्हणजे पुन्हा करायचं होतं त्यांना. मला वाटलं होतं, आता सिमेंट थापून टाका म्हणतील. आतून काकूंचा आवाज आला, एकेक शब्द ढकलत, "गवत... लावा... मले... गरम होते." दुरुस्ती मी माझ्याकडून करून दिली आणि दोन दिवस त्या गच्चीवर उभी राहिले. गुरुजी आता बोलतात, फोन उचलतात. पण पूर्वीसारखा हात धरून भिंतीला लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पाऊस थोडा उतरला वाटतं. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटचं तेवढं लिहून टाकते. गल्लीत सांगतात, मॅडमनं स्वतः डोक्यावर माती वाहिली. मी मोजून सहा घमेली उतरवली, माय. सहाव्याला मान अशी काही दुखली की डोळ्यांत पाणी आलं. मग फोन आला म्हणून सांगितलं आणि कुणाचा फोन नसताना तो कानाला लावून जिन्याखाली बसून राहिले. त्या दोघी रेजा माझ्यासमोरून वर जात होत्या, खाली येत होत्या, आणि मी हॅलो, हॅलो म्हणत होते.