घर क्रमांक सात, भिंती यायच्या आहेत

घर क्रमांक सात (स्वयंपाकघराची बाजू),
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागचं मैदान,
रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. (कोपरापासून घालायचा मोह होत होता, पण म्हटलं, सुरुवात तरी रीतीला धरून करावी.)

तब्येत कशी आहे? हे आपलं विचारायचं म्हणून विचारलं, नाहीतर इथे बसून मला सगळं दिसतं. सकाळी गॅलरीत तुम्ही लागोपाठ शिंकलात ते इथवर ऐकू आलं. उठताना गुडघ्यावर हात टेकताय, म्हणजे तेल लावणं बंद केलेलं आहे. पेपर नुसता मांडीवर आहे आणि तुम्ही आमच्यातल्या त्या काळ्या छत्रीकडे मान लांब करकरून बघताय. लांबचं तुम्हाला अजून लख्ख दिसतं, हे तुमच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांना अनुभवाने माहीत आहे. जवळचं मात्र चष्म्याशिवाय एक अक्षर लागत नाही, तेव्हा चष्मा तेवढा जपा. आम्ही इकडे ठीक. सासूबाईंना खोकला आहे, ह्यांना झोप नाही, आणि मी कालपासून एका ब्लाउजाची एकच बाही दोनदा उलटी शिवली आहे. बाकी ठीक.

गाव एक, मधे एक मैदान, तरी ही बया पत्र कशाला लिहितेय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! दोन वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मी फोन केला की हॅलोसुद्धा न म्हणता तो मामींच्या हातात देता, रस्त्यात दिसले की समोरच्या दुकानातल्या बादल्या बघत उभे राहता (घरी किती बादल्या झाल्या असतील देव जाणे). पण जन्मभर हेडमास्तरकी केलेला माणूस हातात आलेला कागद तपासल्याशिवाय खाली ठेवत नाही, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून कागद.

मुद्द्याचं आधी लिहावं, असं तुम्हीच निबंधाच्या तासाला सांगायचात. तर मुद्दा असा की आमच्या घरमालकाने इमारत विकली आणि पुढच्या महिनाअखेर आम्हाला बाहेर पडायचं आहे. गावात खोल्या बघितल्या. एके ठिकाणी भाडं ऐकून हे मटकन पायरीवरच बसले, आणि मालक म्हणाला, पायरीवर बसायचं काही लागत नाही. मैदानावरची आमच्या घरकुल समितीची घरं मंजूर झाली तर नवा मालक ती उभी राहीपर्यंत आम्हाला आहे तिथे राहू देणार आहे, तसं त्याने समितीला लिहून दिलंय. नाही झाली तर धाकट्या दिरांच्या गावी जायचं, म्हणजे बसने अर्धा दिवस. ह्यांची डॉक्टरांकडची कंपाउंडरची नोकरी जाणार, माझी शिवणाची गिऱ्हाइकं जाणार. आणि सगळं उद्या सकाळच्या नगरपालिकेतल्या सुनावणीवर अडकलंय. सुनावणी कुणामुळे आहे ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला ते पाठ आहे.

आमच्या घरकुल समितीबद्दल तुमचं मत चांगलं नाही, ते मला मामींकडून पोचतं. पण आम्ही काय काय सोसलं ते तरी ऐका. नगरपालिका जागा देणार, बँक कर्ज देणार, आणि आम्ही आमचा वाटा उभा करायचा, असं ठरलं. अध्यक्ष पोस्टमास्तर (निवृत्त झाले, पण अजून प्रत्येक कागद उलटा करून मागे पत्ता आहे का बघतात) म्हणाले, गाण्याचा कार्यक्रम करू. केला. तिकिटं खपली, लोक आले, आणि जमलेलं सगळं लाउडस्पीकरवाला घेऊन गेला, कारण गायकाचा आवाज बसला होता म्हणून त्याने जास्तीचे कर्णे लावले होते. तेव्हा खजिनदार बेकरीवाल्याने, मी बघतो, एवढंच म्हटलं आणि वर्षभर खरोखरच काहीतरी बघितलं, कारण समितीचा पैशांचा डबा भरत गेला. कसा ते त्याने परवाच्या सभेत रडत रडत सांगितलं. पावाची किंमत वाढवली असती तर गाव भडकलं असतं, म्हणून त्याने पाव थोडा लहान केला आणि वाचलेलं आमच्या डब्यात टाकलं. सभेत आधी बोंबाबोंब झाली, मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण सगळेच देणगीदार आहोत, आणि लोक एकदम ताठ बसले. मामा, तुम्हीही त्यातलेच! वर्षभर आखूड टोस्ट चहात बुडवताना बोटं पोळून घेतलीत आणि बेकरीवाल्याला खरमरीत चिठ्ठ्या पाठवल्यात. त्या त्याने काउंटरच्या काचेखाली लावल्या आहेत.

आता मैदानावरच्या या पांढऱ्या रेषांबद्दल. आर्किटेक्टबाईंनी नकाशा दिला, तो आम्ही पोस्टमास्तरांच्या व्हरांड्यात टांगला. लोक यायचे, बघायचे आणि गप्प निघून जायचे. न्हाव्याने तो उलटा लावून बघितला आणि म्हणाला, असा बरा दिसतो. मला त्यांची अडचण कळली. कागदावरची बेतणी बघून ब्लाउज कसा बसेल ते कुणाला सांगता येत नाही, तो एकदा अंगाला लावून बघावा लागतो. म्हटलं, घरही लावून बघू. शाळेच्या मैदानावर शर्यतींच्या रेषा मारणाऱ्याला बोलावलं आणि पांढऱ्या फक्कीने सगळा तळमजला आहे त्या मापाचा जमिनीवर काढून घेतला. (त्याने जन्मभर धावपट्ट्याच आखलेल्या. सवयीने प्रत्येक दारासमोर सुरुवातीची रेघ मारून ठेवली, आणि आता प्रत्येक जण घरातून निघताना तिथे क्षणभर पाय जुळवून थांबतो.) लोकांनी यावं, एक चक्कर मारावी आणि जावं, एवढाच माझा विचार होता.

लोक गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणी सतरंजी आणली, कुणी स्टूल आणलं, सासूबाईंनी आमच्या स्वयंपाकघरात रिकामा स्टोव्ह ठेवला आणि त्याच्यावर दूध उतू जाईल म्हणून लक्ष ठेवत बसल्या. वरचा मजला हवेत आखता येईना. म्हणून वरच्यांनी खालच्यांच्याच घरात उभं राहायचं आणि आपण वर आहोत असं समजायचं, असा ठराव झाला. रिक्षावाला तळाला, न्हावी त्याच्या वर. तिसऱ्याच दिवशी रिक्षावाल्याची समितीकडे तक्रार आली की वरचा खुर्ची सरकवतो आणि ह्याच्या डोक्यात घण बसतात. दोघं एकाच सतरंजीवर बसून एकमेकांशी भांडले. शेवटी न्हाव्याने खुर्चीच्या पायांना रबर बसवलं, खरोखरचं रबर, मातीवरच्या खुर्चीला! मी हसून हसून बेजार झाले आणि घरी जाऊन रडले. ज्या माणसांनी अजून नसलेल्या छपराखाली शेजारधर्म सुरू केलाय, त्यांना उद्या ‘नामंजूर’ म्हणून कोण सांगणार आहे?

तुमच्या रांगेतल्या सगळ्या बंगल्यांनी मिळून हरकत घेतली तेव्हा मी अर्ज वाचला. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, पण ‘तद्वतच’ हा शब्द या गावात एकच माणूस वापरतो. उजेड अडेल, वारा अडेल, गर्दी होईल, तद्वतच शांतता भंग पावेल. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपला कंपाउंडर गाव सोडून गेला तर सकाळी दवाखाना उघडायला आपल्याला उठावं लागेल. त्यांनी सही मागे घेतली. कोपऱ्यावरच्या बंगल्याला समजलं की गाडी चालवणारा घर क्रमांक चारमध्ये आहे, त्यांच्या शेजाऱ्यांना समजलं की बाळाला सांभाळणारी क्रमांक नऊमध्ये आहे. भराभर सह्या गळाल्या. राहिली एक, सगळ्यात वरची. तुम्ही स्वतःचे कपडे स्वतः धुता, भांडी स्वतः घासता, तुमचं कुणावाचून अडत नाही, त्यामुळे तुम्हाला या कारणाने हलवताही येईना. असला स्वाभिमानी माणूस विरोधात असला की फार जड जातं.

परवा नगरपालिकेचे एक अधिकारी जागा बघायला आले ते तुम्ही गॅलरीतून बघितलंच. पण आरडाओरडा कशाचा ते तुम्हाला कळलं नसणार. ते बूट घालून, हातात फाइल घेऊन, सरळ पोस्टमास्तरांच्या न्हाणीघराच्या भिंतीतून आत शिरले. सगळी वस्ती एकदम ओरडली. त्यांना वाटलं साप आहे. एक पाय वर उचलून ते तसेच उभे, घामाघूम. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, दार तिकडून आहे. आणि मामा, तो माणूस मागे फिरला, पूर्ण वळसा घालून दाराशी आला, चपलांच्या रांगेत बूट काढले आणि मग आत आला. आमच्या घरीही दारातून आला. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते बराच वेळ आमच्या खिडकीतून, म्हणजे खिडकीच्या जागेतून, बाहेर बघत बसले. समोर तुमची गॅलरी. जाताना त्यांनी हळू आवाजात सांगितलं की एक हरकत असली तरी पुरते, फाइल पुन्हा वर जाईल, तोवर बँकेची मुदत टळेल. त्यांना वाईट वाटत होतं. पण वाईट वाटण्याचा रकाना त्यांच्या फाइलमध्ये नाही.

आता जे लिहितेय ते लिहायला हात रेटत नाही, तरी लिहिते. तुमची हरकत वाऱ्याची नाही. मैदानात घरं झाली तरी तुमच्या गॅलरीत वारा येईल, हे भूगोल शिकवलेल्या माणसाला मी सांगायला नको. तुमची हरकत वरच्या खोलीची आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, भाड्याच्या खोलीत कशाला कुढता, आमच्या वरच्या खोलीत या, आणि मी नको म्हटलं. तुम्ही तिला रंग देऊन ठेवला होता, ते मला नंतर कळलं. मामा, आई गेल्यावर तुम्ही मला त्या घरात आणलंत, तिथे मी वाढले, एक दिवस परकं वाटू दिलं नाहीत. पण आजही विचारलंत तरी मी नकोच म्हणेन. तुमच्या घरात मी जन्मभर भाचीच राहणार. मला एकदा, म्हातारी व्हायच्या आत, स्वतःच्या दारात उभं राहून तुम्हाला ‘या’ म्हणायचं आहे. क्रमांक सात मी भांडून मागून घेतला, कारण त्याच्याच स्वयंपाकघराची खिडकी तुमच्या गॅलरीसमोर येते. दिरांच्या गावाहून तुमचा गुडघा दिसणार नाही.

जास्त काय लिहू. शिंकेवर काढा घ्या. मामींना नमस्कार सांगत नाही, कारण पुढे कळेल.

तुमची,
कटकट
(हे नाव तुम्हीच ठेवलंत)

ता. क. मागायचं राहिलंच. उद्या सकाळी हरकत मागे घ्या. माझ्यासाठी नव्हे, गावासाठी घ्या, असं लिहायची पद्धत आहे. पण माझ्यासाठीच घ्या.

आणखी एक ता. क. ज्या काळ्या छत्रीकडे तुम्ही सकाळपासून बघताय तिच्याखाली मामी आहेत. उशी घेऊन आल्या आहेत. तुमचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, ते अजून तसंच असणार. हरकत मागे जाईपर्यंत हा उंबरठा ओलांडणार नाही, म्हणतात. मी म्हटलं, मामी, उंबरठा फक्कीचा आहे. म्हणाल्या, म्हणून काय झालं.

शेवटचं ता. क. घात झाला! मामींनी आत्ता पर्स उघडली तर आत तुमचा चष्मा. चुकून आला म्हणतात. (मामींच्या पर्समध्ये चुकून काही जात नाही.) म्हणजे हे एवढं लिहिलेलं तुम्हाला वाचताच येणार नाही. तेव्हा मी ते खिडकीत उभी राहून, नमस्कारापासून, मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, आणि भिंतींची अडचण नाही. म्हणजे आत्ता तुम्ही हे गॅलरीत उभे राहून ऐकताय. बादल्या, आखूड टोस्ट, वरच्या खोलीचा रंग, सगळं ऐकलंत. घर क्रमांक एक ते शेवटपर्यंत सगळ्यांनीच ऐकलं, रविवार असल्यामुळे कुणी बाहेर गेलेलं नाही. कुणी हसत नाहीये. आता मी कागद खाली ठेवणार आणि तुमच्याकडे बघत उभी राहणार. खुर्ची रिकामी ठेवली आहे, चष्मा तिच्यावर आहे. गुडघा सांभाळून उतरा. आणि मामा, दारातून या.