दोन यमुना

४ जानेवारी
वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये आज आई टाकली. जन्माचं नाव लता, लग्नानंतर सुनीता. नियम मला फार पटला: बाई जन्माच्या नावानेच नोंदवायची, लग्नानंतरचं नाव खाली, लग्नाच्या तारखेसह. आईला दाखवलं. "लता कोन आता? माहेरी बी कोनी म्हनत नाही." पण दूध उतू जाईपर्यंत स्क्रीनसमोर उभी होती.

७ जानेवारी
रिसोडहून विजयकाका आले. आजोबांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे पुण्यस्मरणाच्या कार्यक्रमाला, वंशावळीचा मोठा फ्लेक्स लावायचा, ही बाबांच्या या धाकट्या भावाचीच कल्पना. घरातली पहिली ग्रॅज्युएट पुतणी, म्हणून काम माझ्याकडे. स्वतःची चौकट पाहिली आणि भडकले.
"कचरू काहून लिहिलं?"
आधीची दोन बाळं दगावली, म्हणून आजीने नाव कचरू ठेवलं होतं. नोकरी लागल्यावर यांनी राजपत्रात विजय करून घेतलं. मी म्हटलं, तेही लिहिते, तारखेसकट.
"राजपत्र मोठ्या अक्षरात लिही. कचरू काढ."
काढलं नाही. काका न जेवता गेले.

१२ जानेवारी
ग्रा.पं.तून जुन्या मृत्यू-नोंदीचा उतारा मिळाला. आजोबांचा शोधत होते, हातात आला भलताच. यमुना किसन, म्हणजे आजोबांची बायको, मृत. बाबा तेव्हा दीड वर्षाचे.
यमुनाआजी समोर अंगणात तुरी पाखडत होती.
चुकीची नोंद असणार, असं म्हणत आजीच्या चौकटीत ती तारीख टाकून पाहिली. काकांच्या चौकटीवर लाल खूण: आईच्या मृत्यूनंतर मुलाचा जन्म.
संध्याकाळी बाबांना विचारलं. शांतपणे म्हणाले, "माही आई मेली, मंग हे आली. हिनंच वाढवलं मले."
आणि नाव?
"आजोबानं लग्नात यमुनाच ठेवलं. नदीजवळचं वावर पहिलीच्या नावावर होतं. कागद बदलाले चकरा कोन मारीन?"
बावीस वर्षं या घरात राहते आहे. मला का नाही सांगितलं?
"कोनी इचारलंच नाही."

१३ जानेवारी
दोन चौकटी केल्या. पहिली यमुना पूर्ण झाली. दुसरीचं जन्मनाव रिकामं.
"आजी, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"
"कायले पाह्यजे?"
"लिहायला."
"तुले शिकवलं ते माही चौकशी कराले का?" सूप उचललं, गोठ्याकडे जाऊन बसली. माझ्याकडे पाठ करून.
एका माणसाचं नाव पुसून त्यावर मेलेलीचं नाव लिहायचं, कशासाठी, तर तलाठ्याकडची एक चक्कर वाचावी म्हणून! आजोबांचा फोटो भिंतीवर आहे. आज त्याकडे बघवेना.

१९ जानेवारी
विजयकाका पुन्हा आले. आल्या-आल्या ओरडायला लागले. मला वाटलं कचरूवरून. नाही.
नदीजवळचं वावर आजी त्यांना बक्षीसपत्राने देणार आहे. २७ला रिसोडला नोंदणी. फ्लेक्सवर सगळ्या भावकीसमोर दोन यमुना दिसल्या तर वावर मेलेल्या यमुनेचं ठरतं. मग तिचा मुलगा म्हणून बाबांचा हक्क आधी येतो.
"वावरासाठीच करून राह्यली तू हे."
"मला वावर नको."
"मंग दोघीले एक कर. बटन हाय म्हंते त्यात. दाब."
आहे बटण. दोन व्यक्ती एकत्र करायचं. कुणाला तरी विचारून आलेले दिसतात.
बाबा खाली मान घालून, "दाबून टाक बेटा. माही आई हेच हाय."
मी लॅपटॉप बंद केला. काकांना मी निर्लज्ज म्हणाले. आईने माझ्या दंडाला धरून आत ओढलं.

२० जानेवारी
वावर नको म्हटलं. खरं का? त्या वावराला पाणी आहे, दोन पिकं निघतात, हे मला माहीत आहे. १२ तारखेला मनात आलं नव्हतं. काकांनी म्हटल्यापासून येतं. हा राग त्यांच्यावर वेगळा.

२२ जानेवारी
घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. आई एवढंच म्हणाली, "घर फोडासाठी शिकली का तू?"
आजी आज स्वतःहून आली. दारातच उभी.
"आधारवर यमुना, निराधारच्या पगारावर यमुना. तू दुसरं लिहिशील तं मी कोन? चोर?"
मला वाटत होतं, मी तिचं काहीतरी तिला परत देते आहे.
बटणावर बोट नेलं. दाबलं नाही.

२७ जानेवारी
जीपने रिसोड. मी जाणार नव्हते. आजी अडून बसली, "हे पोरगी येईन तं मी येईन."
नोंदणी कार्यालयात तासभर बाकावर. मग नंबर आला.
साहेब: "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."
आजी गप्प.
"ऐकू येतं ना?"
"येते."
"मग सांगा."
मागची माणसं चुळबुळ करू लागली. काका म्हणाले, "यमुना किसन..."
"तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू द्या."
तिसऱ्यांदा विचारलं. आजी टेबलावरच्या शाईच्या डबीकडे बघत राहिली. साहेबांनी कागद बाजूला सारले. मंगळवारी या म्हणाले.
परतताना काका ड्रायव्हरला ऐकू जाईल असं, "हिनंच शिकवलं बुढीले. ग्रॅज्युएट हाय ना." मी शिकवलं नव्हतं. पाच दिवस आमचं बोलणंच नव्हतं. तसं सांगितलंही. आजीने ना हो म्हटलं, ना नाही.

२८ जानेवारी
सकाळी काकांचा फोन. फ्लेक्स आता ते दुसऱ्याकडून करून घेणार, एकाच यमुनेचा. माझ्याकडून हवं होतं ते एवढंच की मंगळवारी मी घरी राहावं.
फोन स्पीकरवर होता. आजीने ऐकलं, बाबांनी ऐकलं. दोन्ही चौकटी माझ्याकडे अजून वेगळ्या आहेत. दुसरीचं जन्मनाव रिकामं.
बाबा आजीजवळ जाऊन बसले. "आई, मंगळवारी नाव काय सांगशीन?"
"तू म्हन. तू म्हनशीन ते सांगीन."
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्यांदाच तोंड मिटून ठेवलं. ते उठले आणि सायकल काढून नदीकडच्या, वावराच्या रस्त्याने गेले.
दुपार झाली. त्यांचं ताट झाकून ठेवलं आहे. आजीही जेवलेली नाही.