सुवासिनीला इंग्रजीत काय म्हणायचं?

६ जानेवारी १९७२

ठरलं! यंदाचं हळदीकुंकू कलकत्त्याच्या या बेहाला भागातल्या दोन-तीन मराठी घरांपुरतं नाही — अख्ख्या इमारतीतल्या बायकांना बोलवायचं. बंगाली, पंजाबी, तमिळ, सगळ्या. म्हणजे आमंत्रणाची चिठ्ठी इंग्रजीतच हवी. चार ओळी लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला गाडी अडली. सुवासिनीला इंग्रजीत काय म्हणायचं?

हे म्हणाले, 'वाइव्हज' लिही. कुणाच्या, ते नवऱ्यांनी येऊन सांगायचं का? 'मॅरीड विमेन' म्हणजे शिरगणतीवाले दारात उभे राहिल्यासारखं वाटतं. 'मॅरीड लेडीज' त्यातल्या त्यात बरं.

७ जानेवारी

नुसतं 'लेडीज' सगळ्यात गोड. पण त्यात सगळ्याच आल्या!

९ जानेवारी

'सगळ्याच' म्हणजे खरं तर एकच — वरच्या मजल्यावरच्या सरलादी. शाळेत इंग्रजी शिकवतात. पांढरं पातळ, रिकामं कपाळ; नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी कलकत्त्यात नवी होते तेव्हा कुठली बस धरायची इथपासून मासळीबाजार कुठून टाळायचा इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. परवाच्या लढाईत ब्लॅकआउटमध्ये भोंगा वाजला की आमच्या वैशालीला कुशीत घेऊन जिन्याखाली बसायच्या. एरवी इंग्रजी शब्द अडला की मी धावत त्यांच्याकडे जाते. हा कसा नेऊ?

'मॅरीड' लिहिलं तर त्या वगळल्या. नाही लिहिलं तर विधवेला हळदीकुंकवाला बोलावलं म्हणून बोभाटा. आणि मला तर त्या यायला हव्या आहेत!

१२ जानेवारी

वृंदाताई आल्या होत्या. महिला मंडळाच्या अध्यक्षा, त्यांचा शब्द म्हणजे कायदा. म्हणाल्या, 'मॅरीड' घालच, नाहीतर त्या बाईंनाच अवघडल्यासारखं होईल. पटलं. म्हणजे पटवून घेतलं. बसून सगळ्या चिठ्ठ्या 'मॅरीड लेडीज'च्या लिहून टाकल्या.

तिळगुळाला मात्र इथला खजुराचा गूळ घेतला आणि पस्तावले. पाक काही केल्या होईना. शेवटी सासूबाईंनी पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. लाडू काय झालेत म्हणून सांगू! मामंजी गेल्यापासून त्या हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीतच बसतात. तिथून बशा भरून दाराशी सरकवतात. त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही.

१६ जानेवारी

जिन्यात सरलादी भेटल्या. कार्यक्रमाचं त्यांच्या कानावर आलंच होतं. आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "रविवारी वैशालीला माझ्याकडे सोड. तुला पाहुण्यांकडे नीट बघता येईल. मी काय, घरीच असणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात आले आणि सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. 'लेडीज'! वृंदाताईंना काय वाटायचं ते वाटो.

१९ जानेवारी

चिठ्ठ्या वाटल्या. सरलादींनी दारातच वाचली. पुन्हा वाचली. "किती वाजता?" एवढंच विचारलं.

२३ जानेवारी, रथसप्तमी

सरलादी सगळ्यांच्या आधी हजर! निळ्या काठाचं पातळ, हातात संदेश मिठाईचा डबा. मी कोयरी घेऊन पुढे झाले आणि हात तिथेच थांबला. त्यांनी शांतपणे तळहात पुढे केला. तिळगूळ दिला, फूल दिलं, गुलाबपाणी शिंपडलं. दोघींचेही डोळे भरून आले. वृंदाताई थोडा वेळ फुगून बसल्या होत्या, पण लाडू खाऊन त्याही विरघळल्या. आतून सासूबाई बशा सरकवत होत्या, बाहेर कौतुक माझं होत होतं!

मी आज फार म्हणजे फार खूश आहे. एका शब्दानं केवढं काम केलं!

२४ जानेवारी

सकाळी भांडी आवरताना सासूबाईंनी विचारलं, त्या वरच्या बाई कशा काय आल्या गं? मी ऐटीत सांगितलं — चिठ्ठीत 'लेडीज' लिहिलं होतं ना! म्हणजे सगळ्या बायका, नवरा असो की नसो.

त्या कोयरी पुसत होत्या. म्हणाल्या, "मला नाही कुणी वाचून दाखवली."